दोषवही कोणी वाचते का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक बसवाहतुकीच्या पर्यावरणविषयक आणि सुरक्षाविषयक जबाबदारीवर आपण कालच्या अंकात अर्धे पान दिलेत. या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते, त्याबद्दल आपले आभार मानतो. परंतु तो लेख वाचून मन इतके अस्वस्थ झाले की हे पत्र लिहिल्यावाचून राहवत नाही. लेखात पर्यावरणाचा एक भाग आहे, त्यात विद्युत बस, वृक्षारोपण आणि गाड्या धुण्याच्या पाण्याचा पुनर्वापर येतो. सुरक्षेचा दुसरा भाग आहे, त्यात कॅमेरे आणि विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार येतो. मात्र ज्या आगारात गाडी खड्ड्यावर उभी करून मेकॅनिक तिच्याखाली उतरतो, त्या आगाराचा संपूर्ण लेखात उल्लेखही नाही. बस किती धूर सोडणार आणि प्रवाशाला सुखरूप पोहोचवणार की नाही, हे दोन्ही त्या खड्ड्यापाशीच ठरते.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी रात्रीच्या बसने निघालो होतो. तिला दम्याचा त्रास आहे. गाडी फलाटावर अर्ध्या तासाहून अधिक काळ इंजिन चालू ठेवून उभी होती आणि धुराच्या नळीचे तोंड थेट प्रवाशांच्या रांगेकडे होते. इंजिन बंद करायला सांगा, अशी विनंती मी वाहतूक नियंत्रकांना केली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आता बंद केली तर पुन्हा चालू होईलच याची खात्री नाही.’’ हे त्यांनी लपवले नाही, उर्मटपणेही सांगितले नाही. स्टार्टर बिघडलेला होता आणि त्या बिघाडाची भरपाई रांगेतली माणसे आपल्या फुप्फुसांनी करत होती.

पुढे चढ लागला आणि गाडी काळा धूर ओकू लागली. थोड्याच वेळात मागच्या चाकाकडून रबर जळल्याचा वास आला, गाडीत धूर शिरला आणि चालकाने गाडी कडेला घेतली. आम्ही शेवटून दुसऱ्या ओळीत बसलो होतो, त्यामुळे मी पत्नीचा हात धरून मागच्या दाराकडे वळलो. त्या दारावर लाल अक्षरांत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असे लिहिले होते. त्याची कडी तारेने बांधलेली होती आणि दारापुढे पार्सलची खोकी छातीपर्यंत रचलेली होती. खिडकीची काच फोडण्याच्या हातोडीची जागा रिकामी होती. भरलेल्या गाडीतील सगळी माणसे अखेर पुढच्या एकाच दाराने, एकमेकांना ढकलत, उतरली. चालकाने अग्निशामक नळकांड्यातील भुकटी चाकावर मारली म्हणून टायर पेटला नाही. त्याचे हात थरथरत होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, ‘‘साहेब, डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, हे मी तीन दिवस दोषवहीत लिहितो आहे.’’

संपादक महोदय, दोषवही म्हणजे चालकाने गाडीतले बिघाड लिहून ठेवायची आगारातली वही. चालकाच्या या एका वाक्यात आपल्या लेखाचे दोन्ही भाग एकत्र येतात. ब्रेक सुटत नाही म्हणजे पायपट्टीवरून पाय काढल्यावरही लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे अस्तर, चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला घासत राहतो. गाडी आपल्याच ब्रेकशी झगडत पुढे जाते, म्हणून इंजिनावर ताण येतो, डिझेल जास्त जळते आणि चढावर काळा धूर वाढतो. लायनर झिजून त्याची बारीक भुकटी हवेत मिसळते. ड्रम तापत जातो आणि ती उष्णता टायरपर्यंत पोहोचली तर टायर पेट घेतो. असा टायर एकदा विझवला तरी आतल्या उष्णतेने पुन्हा पेटू शकतो. म्हणजे इंधनाची नासाडी, हवेचे प्रदूषण आणि प्रवाशांच्या जिवाचा धोका या तिन्हींचे मूळ वहीतल्या त्या एका नोंदीत होते. ती वेळीच कोणी वाचली असती, तर आम्ही त्या रात्री अंधारात रस्त्याच्या कडेला उभे राहिलो नसतो.

काळा धूर डोळ्यांना खुपतो, एवढीच लोकांची समजूत असते. तो इंधन नीट न जळल्याची खूण आहे: हवेची गाळणी तुंबलेली असते, इंधन फवारणारा इंजेक्टर बिघडलेला असतो किंवा इंजिनावर नको तेवढा भार पडलेला असतो. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळते आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. त्यापूर्वी, १९८८ पासून, तो ‘संभाव्य’ गटात होता. हे सगळे माहीत असताना रांगेतल्या दमेकरी बाईला अर्धा तास त्या धुरात उभे करणे हाही सुरक्षेतला कसूरच आहे, आणि कोणत्याही अपघाताच्या नोंदीत तो दिसणार नाही.

तारेने बांधलेल्या दाराविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते दार अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अमेरिकेतील केंटकी राज्यात कॅरॉलटनजवळ १४ मे १९८८ रोजी एका चर्चच्या बसला मद्यधुंद चालकाच्या वाहनाने समोरून धडक दिली. धडकेने एकही प्रवासी मेला नाही. इंधनाची टाकी फुटली, आग लागली आणि पुढचे दार निकामी झाले. उरले फक्त मागचे आपत्कालीन दार, आणि तिथवर जाण्याचा मार्ग आसनांनी अरुंद झाला होता, शिवाय वाटेत बर्फाची पेटी ठेवलेली होती. २७ जण आगीने आणि धुराने मेले, त्यांतील बहुतेक मुले होती. ही मूळची शालेय बस मार्च १९७७ मध्ये तयार झालेली होती आणि शालेय बसच्या इंधनटाकीला संरक्षण देणारे कडक नियम १ एप्रिल १९७७ पासून लागू झाले. पुढे केंटकीत शालेय बसना अधिक आपत्कालीन मार्ग बंधनकारक करण्यात आले. कॅरॉलटनच्या त्या बसमध्ये वाटेत एक पेटी होती. आमच्या मार्गात किती खोकी होती, ते मी मोजूही शकलो नाही.

विद्युत बस आल्या की हे प्रश्न मिटतील, असा आपल्या लेखाचा सूर आहे. धुराच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. चीनमधील शेन्झेन शहराने २०१७ अखेर आपल्या १६,००० हून अधिक बस विजेवर आणल्या, ही लहान गोष्ट नव्हे. वेग कमी करताना मोटरच गाडी रोखत असल्याने ब्रेकची झीजही कमी होते. परंतु टायर झिजतच राहतात, बॅटरीच्या वजनाने अधिकच, आणि बॅटरीची आग विझवायला डिझेलच्या आगीहून अवघड असते. पॅरिसमध्ये एप्रिल २०२२ मध्ये एकाच प्रकारच्या दोन विद्युत बस काही आठवड्यांच्या अंतराने जळाल्या, तेव्हा तेथील परिवहन संस्थेने त्या प्रकारच्या सर्व १४९ बस सेवेतून तात्पुरत्या काढून घेतल्या. प्रवाशांची गैरसोय झाली असणार, पण जबाबदारी म्हणतात ती याला. आमची गाडी तीन दिवस नोंद होऊनही रस्त्यावर धावत होती.

आणखी एक तक्रार याच पत्रात करतो. आजकाल बसच्या खिडक्यांसह संपूर्ण बाजूवर जाहिरातीचा छिद्रांचा पडदा चिकटवतात. आपल्या लेखासोबतच्या छायाचित्रातील बसही तशीच आहे. आपत्कालीन खिडकीची काच आणि तिच्यावरील सूचना त्याखाली झाकली जाते, आणि काच फोडली तरी तिचे तुकडे त्या पडद्याला चिकटून राहू शकतात. निदान आपत्कालीन खिडक्या तरी जाहिरातीतून वगळाव्यात, यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

त्या रात्रीनंतर मी संबंधित कार्यालयाला सविस्तर पत्र पाठवले. दीड महिन्याने दोन उत्तरे आली. धुराचा मुद्दा पर्यावरण कक्षाकडे गेला होता. त्यांनी त्या गाडीचे प्रदूषण प्रमाणपत्र वैध असल्याचे कळवले. दाराचा मुद्दा सुरक्षा कक्षाकडे गेला होता. त्यांनी कर्मचाऱ्यांना समज दिल्याचे कळवले. ब्रेकविषयी दोन्ही पत्रांत एक शब्दही नव्हता, कारण ब्रेक कोणत्या कक्षाकडे पाठवायचा हे कोणी ठरवलेच नसावे. समज कोणाला दिली, तेही लिहिले नव्हते. ज्या चालकाने तीन दिवस नोंद केली आणि शेवटी आमचे प्राण वाचवले, त्यालाच ती मिळाली नसावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्या वार्ताहरांना पुन्हा एखाद्या आगारात जाण्याचा योग आला, तर त्यांनी रोपवाटिका अवश्य पाहावी, पण दोषवहीही मागून घ्यावी. चालकाने दोष कोणत्या तारखेला लिहिला आणि दुरुस्तीची सही कोणत्या तारखेची आहे, एवढ्या दोनच रकान्यांतील अंतर त्यांनी मोजावे आणि ते आपण छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित बसप्रवासी