कात टाकणारा साप आजारी नसतो

महोदय,

राजारामपुरीतील माझ्या भाच्याने रीतसर नोंदणी करून पाळलेल्या बॉल पायथन या आफ्रिकी अजगराचे डोळे दुधाळ झाले, त्याने खाणे सोडले आणि घरच्यांनी तो आजारी असल्याचे ठरवूनच टाकले; वास्तविक कात टाकण्यापूर्वी असे होणे स्वाभाविक असून, डोळे पुन्हा स्वच्छ झाल्यावर काही दिवसांत कात उतरते. हा अजगर निरोगी असतानाही कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. मात्र तोंड उघडून श्वास घेणे, नाकातोंडातून बुडबुडे येणे, श्वासाची घरघर किंवा झपाट्याने घटणारे वजन दिसताच सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा. दूध पाजण्याची नागपंचमीची हौस येथे नको. आपल्याकडील नाग, धामण पाळण्यास तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाईच आहे.

– एक वाचक, कोल्हापूर