‘ब्लॉक करा’ हे उत्तर नव्हे

मा. संपादक,

फसवा मेसेज घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेलेल्या माणसाला ‘ब्लॉक करा’ एवढेच सांगितले जाते, त्याबद्दल हे पत्र. सिडकोतल्या एका पतसंस्थेत सभासदांना मोबाइलवर मेसेज पाठवण्याचे काम माझ्याकडे आहे. हप्त्याची आठवण, ठेवीची मुदत, वार्षिक सभेची सूचना, एवढाच आमचा मजकूर. पण तोही मनाला येईल तसा पाठवता येत नाही. मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर, म्हणजे संस्थांचे मेसेज नोंदवण्याच्या यंत्रणेत, संस्थेची नोंदणी वेगळी, हेडरची, म्हणजे मेसेजवर नंबराऐवजी दिसणाऱ्या नावाची, वेगळी आणि प्रत्येक टेम्प्लेटची, म्हणजे मजकुराच्या नमुन्याची, वेगळी. सभासदाचे नाव, रक्कम, तारीख एवढ्याच जागा मोकळ्या. बाकीचा मजकूर मंजूर नमुन्याशी जुळला नाही तर मेसेज सुटतच नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून मेसेजमधली लिंकही आधी नोंदवावी लागते, नाहीतर कंपनी तो मेसेज अडवते.

दिवाळीच्या आधी आमच्या एका संचालकांनी सुचवले, हप्त्याच्या मेसेजखालीच नव्या ठेव योजनेची एक ओळ टाकू, वेगळा खर्च नको. सूचना काटकसरीची होती, पण मी नाही म्हटले. हप्त्याचा मेसेज हा सेवेचा. ठेव योजनेची ओळ आली की तो जाहिरातीचा झाला. चुकीच्या वर्गात नोंदवलेले टेम्प्लेट काळ्या यादीत जाते आणि असे वारंवार घडले तर संस्थेची मेसेज सेवा महिनाभर बंद. म्हणजे महिनाभर ना हप्त्याची आठवण, ना ओटीपी. संचालकांनाही ते पटले.

या कडकपणाबद्दल माझे काही म्हणणे नाही. तो हवाच. माझे म्हणणे आहे ते दुसऱ्या टोकाबद्दल.

मागच्या महिन्यात अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक सभासद घाईघाईने काउंटरवर आले आणि फोन माझ्यापुढे धरला. मेसेजमध्ये होते की मागचे बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा. खाली एक दहा आकडी नंबर, आणि मेसेज आला तोही अशाच साध्या नंबरवरून. काकांच्या घरी पत्नीला ऑक्सिजनचे मशीन लागते. बिल भरल्याची पावती खिशात असूनही त्यांचा हात कापत होता. महावितरणचे मेसेज ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ अशा हेडरने येतात, खासगी नंबरवरून नाही. महावितरणने हे अनेकदा जाहीर केले आहे. आता तर हेडरच्या शेवटी एक अक्षरही असते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. हे मी त्यांना कागदावर लिहून दिले.

आमच्याकडे येण्याआधी ते आपल्या मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन आले होते. तिथल्या मुलाने सांगितले, ‘‘काका, ब्लॉक करून टाका.’’ बस, एवढेच.

हे पत्र त्या उत्तरासाठी आहे. ब्लॉक केल्याने तो नंबर फक्त काकांच्या फोनपुरता बंद होतो. तोच मेसेज पाथर्डी फाट्यावर, जेल रोडला, सातपूरला दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर जातच राहतो. ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, फेब्रुवारी 2025 मध्ये नियम सुधारले. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध 10 दिवसांत 5 तक्रारी आल्या की कंपनीला कारवाईला लागावे लागते, आणि ती 5 दिवसांत. पूर्वी 7 दिवसांत 10 तक्रारी लागत आणि कारवाईला कंपनीला 30 दिवस मिळत. दोष सिद्ध झाला की पहिल्या वेळी पाठवणाऱ्याचे बाहेर जाणारे कॉल-मेसेज 15 दिवस बंद. पुन्हा केले तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शने, सगळ्या कंपन्यांची, वर्षभरासाठी बंद. नकोशा मेसेजचे आकडे चुकीचे कळवणाऱ्या कंपनीला आधी 2 लाख, मग 5 लाख आणि त्यापुढे दर वेळी 10 लाख रुपये दंड. पण हे सगळे सुरू होते ते त्या 5 तक्रारींपासून. पाचही जणांना ‘ब्लॉक करा’ म्हणून घरी पाठवले तर मोजायला काहीच उरत नाही, आणि पाठवणारा मोकळा राहतो.

तक्रार आम्ही काउंटरवरच केली. मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख, मध्ये स्वल्पविराम देऊन, 1909 या नकोशा मेसेजच्या तक्रारींसाठीच्या नंबरवर पाठवली. तक्रार क्रमांक आला, तो काकांनी पासबुकाच्या मागच्या पानावर टिपून घेतला. तक्रार 7 दिवसांच्या आत करावी लागते. पूर्वी 3 दिवसच होते. डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे कॉल-मेसेज नकोत अशी नोंद, केलेली नसली तरी अशा नंबरविरुद्ध ती घेतली जाते. फसवणुकीचा संशय असेल तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ या सोयीतही कळवता येते. आणि पैसे गेलेच असतील तर क्षणभरही न थांबता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

हे काकांना गॅलरीत कुणी का सांगू नये? सिम विकताना, रिचार्ज करताना, नंबर पोर्ट करून घेताना कंपन्यांची माणसे अर्धा अर्धा तास समजावत बसतात. सिंहस्थ तोंडावर आहे. राहण्याच्या बुकिंगच्या आणि दर्शनाच्या नावाखाली मेसेज येणार, आणि ते खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवरही जाणार. त्याच्या आत नाशिकमधल्या प्रत्येक गॅलरीत आणि रिचार्जच्या दुकानात 1909 ची तक्रार कशी करायची याचा ठळक मराठी फलक लागायला हवा. ज्याला मेसेज टाइप करता येत नाही त्याची तक्रार काउंटरवरच्या माणसाने तिथल्या तिथे नोंदवून क्रमांक हातात द्यायला हवा. महावितरणने आपला हेडर वीजबिलावर मोठ्या अक्षरांत छापावा. आपल्या वृत्तपत्रानेही तक्रारीचा नमुना एकदा चौकटीत द्यावा, ही विनंती. आमच्या काउंटरच्या काचेवर तो लगेच लावता येईल.

– एक पतसंस्था कर्मचारी, सिडको, नाशिक