सिनेमांच्या डिस्कवर होणाऱ्या खर्चाबद्दल

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मोबाइलवर दिसतो तो सिनेमा विकत कशाला घ्यायचा? आणि वर खोक्याचे पैसे कशाला?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

आज मोबाइलवर आहे तो सिनेमा पुढच्या महिन्यात असेलच असं नाही. हक्कांचा करार संपला की गायब. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं २०२३ च्या सप्टेंबरात बंद केलं, 'बेस्ट बाय' या इथल्या दुकानांच्या साखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणं थांबवलं. जुने, आडबाजूचे सिनेमे डिस्कवर काढतात त्या बहुतेक लहान कंपन्या. त्यांच्याकडे हक्क ठरावीक वर्षांपुरते, प्रती थोड्याच. त्या संपल्या की पुन्हा निघतीलच याचा भरवसा नाही. माझा जीव तुटतो तो इथे.

खोक्याची गोष्ट वेगळी. त्याला स्लिपकव्हर म्हणतात. जाड पुठ्ठा, नवं चित्र, कडेला चकचकीत उठावदार अक्षरं. हातात घेतलं की मन हरखतं, हे मी नाकारत नाही. पण आतली डिस्क तीच. विक्री सुरू झाली की काही मिनिटांत कव्हरवाल्या प्रती संपतात आणि संध्याकाळी ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर दुप्पट भावाने दिसतात. त्या काही मिनिटांत छातीत धडधडतं, आणि माणूस सिनेमा बाजूला ठेवून 'शिल्लक थोडेच' ही पाटी विकत घेतो. म्हणून पुठ्ठ्यासाठी जादा पैसे द्यायचे नाहीत, असं मी ठरवलंय. थोडं थांबलं की साधी प्रत स्वस्तात मिळते.

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीचा संच मात्र मी न कचरता घेतला. १९९३ साली लंडनच्या एका लॅबमध्ये आग लागली आणि या तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. कोणी त्या टाकून दिल्या नाहीत, ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीने जपून ठेवल्या. पुढे इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी त्या ठिसूळ फिती ओलावा देऊन मऊ केल्या, फाटलेल्या कडा आणि भोकं हाताने सांधली. २०१५ मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीने हे सिनेमे नव्या रूपात काढले. 'पथेर पांचाली'त दुर्गा आणि अपू काशाच्या उंच गवतातून आगगाडी बघायला धावतात, तिथे आता काशाचा एकेक तुरा वेगळा दिसतो! या कामाला पैसे द्यायला मला जड जात नाही. त्यातही जुलै आणि नोव्हेंबरात बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानात क्रायटेरियनच्या डिस्क अर्ध्या किमतीत मिळतात, तेव्हाच घेतला.

२००३ मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या जागेत नायट्रेटच्या, म्हणजे पटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्म जळाल्या, ते तुम्हाला आठवत असेल. जे वाचलंय ते चांगल्या रूपात घरात असावं असं मला मनापासून वाटतं, आणि या छंदावरचा माझा खर्च त्यासाठीच आहे.

डिसेंबरात येताना हा संच आणतो. या डिस्क ब्लू-रे प्रकारच्या आहेत आणि ब्लू-रेला देशांप्रमाणे विभाग असतात: अमेरिका 'ए', भारत 'सी'. इथली डिस्क तिकडच्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही, म्हणून २२० व्होल्टवर चालणारा प्लेअरही इथूनच आणीन. तुम्ही तिकडे घेऊ नका. फक्त टीव्हीच्या मागे एचडीएमआयची, म्हणजे प्लेअरची वायर लावायची एक जागा रिकामी आहे का, ते बघून कळवा. आईला सा. न.

तुमचा,
मंदार