भाव चढला की सरकार, पडला की बाजार?

मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

२०२५ च्या हंगामात वीसेक क्विंटल कापूस ६,७०० रुपये क्विंटलने खासगी व्यापाऱ्याला घातला. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० होता. आपण तो विसरला नसाल अशी आशा आहे. आधी गाडी सरकारी खरेदी केंद्रावरच नेली होती. अ‍ॅपवरची नोंदणी, सातबारा, पीकपेरा, सगळं जागच्या जागी. ग्रेडरने कापसात यंत्र खुपसलं, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला, गाडी परत. पावसाने पऱ्हाटी उभी झोडपली, अर्धी बोंडं झाडावरच सडली. उरलेला कापूस कोरडा कुठून आणायचा? गाडीभाडं पदरचं. वेचणी किलोला दहा रुपयांच्या वर, तीही रोख. कृषी केंद्रवाला उधारीसाठी दारात. वाळवत बसायला सवड कुणाला आहे? क्विंटलमागे १,४१० रुपये गेले, म्हणजे अठ्ठावीस हजार. पोरीच्या नर्सिंगच्या फीचा हप्ता त्यातून भरायचा होता. शेवटी सावकार बघावा लागला.

पण भांडण ओलाव्याचं नाही, साहेब. २०२५ च्या १५ ऑगस्टला पंतप्रधान लाल किल्ल्यावरून म्हणाले, शेतकऱ्यांसाठी मोदी भिंतीसारखा उभा आहे. ऐकून बरं वाटलं. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ! आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणालात, मग महिना संपायच्या आत ती मुदत ३१ डिसेंबरवर नेलीत. नेमका आमचा कापूस बाजारात येतो तोच काळ, आणि बाहेरचा स्वस्त कापूस आला की आमचा भाव पडतो. भिंतीला मागून दार ठेवलं होतं, ते तेवढं भाषणात राहून गेलं.

कारण काय, तर तेव्हा अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लावला, कापड उद्योग अडचणीत आहे. असेल. तिरुपूरच्या शिलाई कामगाराचं काम सुटू नये, हे मलाही कळतं. पण ट्रम्पने लावलेला कर यवतमाळच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का भरायचा? उद्योग वाचवायचा तर तिजोरीतून वाचवा. २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणलात, तेव्हा १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडायला तिजोरी तयार होती. वस्त्रोद्योगासाठी १०,६८३ कोटींची प्रोत्साहन योजना आणलीत, तीही मुख्यतः कृत्रिम धाग्याला. कापसाच्या वाट्याला २०२५ च्या फेब्रुवारीच्या बजेटमध्ये पाच वर्षांचं 'मिशन' आलं. त्या मिशनचा आमच्या शिवारात अजून एक माणूस फिरकलेला नाही.

२०२२ साली कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. आयुष्यात एकदा घरात पैसा दिसला. गिरण्यांनी ओरड केली आणि एप्रिलमध्ये तुम्ही हेच शुल्क माफ केलंत. म्हणजे भाव चढला की सरकार धावून येतं. पडला की आम्हाला मागणी-पुरवठ्याचे धडे! बाजार मोकाट सुटला तर सरकारने त्याला वेसण घालावी, हे मला मान्य आहे. पण ती वेसण दर वेळी आमच्याच नाकात का? कांदेवाल्यांना विचारा, २०२३ च्या डिसेंबरमध्ये निर्यातबंदी करून त्यांचं काय केलंत. आमच्या राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा. चुकारे उशिरा यायचे, घोळ व्हायचे, माझे वडील शिव्या घालायचे. तरी सरकार तेव्हा निदान आमच्या बाजूने बाजारात उतरायचं.

ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ ची होती. अशी सवलत पुन्हा देऊ नका. देणारच असाल, तर हमीभावाखाली कापूस विकलेल्या प्रत्येकाला फरकाची रक्कम द्या. ओलाव्याची अट निदान ओल्या वर्षी तरी सैल करा. आयात शुल्क अर्थ खात्याकडे, हमीभाव कृषी खात्याकडे, असं उत्तर मात्र पाठवू नका. तुम्ही सगळे एकाच मंत्रिमंडळात बसता.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ