आमच्या रीडिंगवर त्याच दिवशी माणूस पाठवा: दहिसर नदीसाठी खुलं पत्र

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही बोरिवली-दहिसरची माणसं, कोणी रिटायर्ड, कोणी कॉलेजात, सुट्टीच्या दिवशी सकाळी दहिसर नदीचं पाणी तपासतो, किटचे पैसेही वर्गणी काढूनच. नदी तुळशी तलावाच्या बाजूने येते, नॅशनल पार्कात आहे तोवर तळाचे दगड दिसतात, बाहेर पडली की तबेल्यांचं शेण आणि वस्तीचं सांडपाणी सगळं तिच्याच पोटात.

आमची मेन टेस्ट ऑक्सिजनची. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालून बूच लावून हलवायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पार्कातलं पाणी तपकिरी होतं आणि खाली दहिसर वेस्टला कधीकधी पांढराफटक साका बसतो, तो बघून पोरं एकदम गप्प होतात. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा असा सरकारचाच निकष आहे, इथे मासा तरी कसा जगणार?

आता खरं दुखणं सांगतो. आम्ही फोटो, वेळ, जागा सगळं कळवतो, पण बघायला माणूस येतो तीन-चार दिवसांनी आणि तोवर ते पाणी ओहोटीबरोबर मनोरीच्या खाडीत गेलेलं असतं. मग सॅम्पल बरं येतं आणि तक्रार बंद.

आमचं सॅम्पल कोर्टात चालत नाही हे आम्हाला माहितीये. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानेच घ्यायचं, नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून, आणि ते बरोबरच आहे, उद्या कोणीही कोणावरही आळ घेईल. पण म्हणूनच तर म्हणतोय की आमचं रीडिंग पुरावा म्हणून नका घेऊ, बोलावणं म्हणून घ्या! पांढरा साका कळवला की त्याच दिवशी अधिकारी यावा, रविवार असला तरी, एवढा एक लेखी आदेश काढा. आणि एकदा तुमच्या लॅबची माणसं आमच्या शेजारी उभी करा, एकाच जागचं पाणी दोघांनी तपासू, आमचं चुकत असेल तर शिकवा, आम्ही शिकू. मुंबईतल्या पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्यांनाही हाच नियम लावा.

आपले,
दहिसर नदीकाठचे रहिवासी