चौदा थाऊचे आभार

ति. काकांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र चारचौघांत लिहितोय, राग मानू नका. तुम्हाला एकट्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं की तुमचा एक अंगठा येतो आणि विषय संपतो. शिवाय डहाणूकर कॉलनीत तुमच्या कट्ट्यावर सगळे समजतात की 2022 साली तुम्ही सहा महिने मुलाकडे अमेरिकेत नातवंडं खेळवत होतात. कोलंबस, इंडियाना इथल्या एका गॅरेजात 1965 सालच्या फोर्ड एफ-100 पिकअपखाली पुठ्ठा अंथरून तुम्ही पडलेले असायचात, हे त्यांनाही कळू दे.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते मेमध्ये, संध्याकाळच्या फेरफटक्याला. डोक्याला माकडटोपी, पायात मुलाचे पांढरे बूट. माझ्या गॅरेजचं दार उघडं होतं आणि क्रेनला इंजिन लटकत होतं. नाव नाही, गाव नाही, तुम्ही विचारलंत, "कितीचं?" मी म्हटलं, दोन पॉइंट आठ लिटर. तुम्ही हसलात. कोथरूडच्या कमिन्स कारखान्यात चौदा-चौदा लिटरची इंजिनं जोडण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला हे खेळणंच वाटणार! मग जवळ येऊन त्याच्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "एवढंसं आणि 161 घोडे? आमच्या वेळी एवढ्या घोड्यांना उचलायला सहा माणसं लागायची."

गाडीची हालत तुम्ही पाहिली होतीच, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. एका शेतकऱ्याच्या खळ्यातून मी ती घेतली तेव्हा बोनेटखाली मूळचं सहा सिलेंडरचं पेट्रोल इंजिन होतं, 240 घनइंची, म्हणजे आपल्या हिशेबात 3.9 लिटर. ब्लॉकला तडा गेलेला. गिअर तीनच, तेही स्टिअरिंगच्या खांबावर. "अ‍ॅम्बेसेडरसारखं!" म्हणून तुम्ही दांडा दोनदा खालीवर करून पाहिलात. आणि टाकी कुठे, तर केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. त्या काळी हे लोक खरंच तसं करायचे. "पाठीशी रॉकेलचा डबा घेऊन बसायचं?" या तुमच्या एका वाक्यावर ती टाकी दुसऱ्या दिवशी बाहेर निघाली आणि नवी मागे, चासीच्या दोन दांड्यांमध्ये बसली.

मुळात डिझेल कशाला, असं मला ऑफिसातही विचारायचे. मी दिवसभर पडद्यावर इंजिनांची गणितं करतो, पण पाना म्हणाल तर हातात धरलेला नाही. एकदा तरी स्वतःच्या हातांनी इंजिन बसवावं एवढीच हौस होती. जुन्या पिकअपमध्ये डिझेल घालणाऱ्यांचं पूर्वीचं लाडकं इंजिन म्हणजे पावाच्या व्हॅनमधलं कमिन्सचं चार सिलेंडरचं 4बीटी. बिनतक्रार, पण वजन साडेतीनशे किलोच्या घरात आणि थरथर अशी की आरसे निखळून पडावेत. त्यामानाने क्रेनला लटकलेलं हे कमिन्सचंच आर2.8 सुमारे 228 किलोचं, कॉमन रेलचं (म्हणजे एकाच नळीत प्रचंड दाबाने डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरांना पुरवणारं), सोबत स्वतःचा कॉम्प्युटर, वायरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पेडलसुद्धा. पेटीतून काढायचं आणि बसवायचं, असं मला वाटलं होतं. काका, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, फक्त टोपी काढून खिशात घातलीत.

तुम्हीच मला ती क्लेसी कमिन्सची गोष्ट सांगितलीत, याच गावातली आणि मला माहीत नसलेली. बँकर अर्विन यांच्याकडे ड्रायव्हर-मेकॅनिक असलेल्या या माणसाने त्यांच्याच पैशावर 1919 साली इथे कमिन्स कंपनी काढली. मंदीच्या तोंडावर धंदा बुडायला आला तेव्हा त्याने एका जुन्या पॅकार्ड गाडीत आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि जानेवारी 1930 मध्ये ती इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनापर्यंत चालवत नेली. 792 मैल, आणि इंधनाचा खर्च 1 डॉलर 38 सेंट. "म्हणजे कंपनीच जुगाडावर उभी आहे," तुम्ही म्हणालात, "तू काही वेगळं करत नाहीस. फक्त नीट कर."

नीट कर. त्या दोन शब्दांनी माझे पुढचे पाच महिने खाल्ले.

जुना तीन गिअरांचा डबा डिझेलच्या ताकदीपुढे टिकला नसता, म्हणून नव्वदीतल्या एका शेव्हरोले पिकअपचा पाच गिअरांचा डबा आणला होता. इंजिन एका घराण्याचं, गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्याचा, मध्ये सोयरीक जुळवणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट. प्लेट विकणारा म्हणाला होता, बोल्ट आवळा आणि चालवा. मी आवळायलाच निघालो होतो. तुम्ही विचारलंत, "मध्य पाहिलास?"

मला वाटलं तुम्ही उंचीबद्दल विचारताय. तुम्ही पिशवीतून डायल गेज काढलात, केसाएवढा फरकही काट्यावर दाखवणारं घड्याळासारखं माप. पुण्याहून सहा महिन्यांसाठी येताना माणूस मेतकूट आणतो, लोणचं आणतो. तुम्ही डायल गेज आणलात आणि काकूंना सांगितलंत की नातवाला खेळायला.

ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. गेजचा चुंबक फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकावर बसवलात, टोक बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या कवचाच्या, मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवलात. मी पुढे पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवायचं आणि तुम्ही आकडे बोलायचे. शून्य. चार. नऊ. चौदा. पुन्हा नऊ. पुन्हा शून्य. "चौदा थाऊ," तुम्ही म्हणालात, "म्हणजे मध्य सात थाऊने सरकलाय." मी म्हटलं, काका, सात थाऊ म्हणजे इंचाचे सात हजारांश, दोन-अडीच केसांची जाडी, सूतसुद्धा नाही, हे कोण बघतं? तुम्ही चिडला नाहीत. हातावर हात ठेवून दाखवलंत. एक हात क्रँकशाफ्ट, दुसरा गिअरबॉक्सचा शाफ्ट, दोघांचे मध्य किंचित चुकलेले, आणि ते तसेच मिनिटाला दोन हजार वेळा फिरतायत. क्लच प्लेट एका बाजूला घासते, पायलट बेअरिंग ओरडायला लागतं, शाफ्टची बेअरिंग जातात, गाडी चढावर असताना गिअर आपोआप सुटतो. आणि मग मालक म्हणतो, इंजिन खराब आहे. "आम्ही पाच थाऊच्या आत असल्याशिवाय पुढे जात नव्हतो," तुम्ही म्हणालात आणि गेज पुसून डबीत ठेवलात. त्या दिवसाचं काम संपलं.

त्यासाठी किंचित तिरपा मध्य असलेल्या खुंट्या मिळतात, ऑफसेट डॉवेल. सात थाऊच्या मागवल्या. त्या फिरवत, मोजत, पुन्हा ठोकत आपण दोन शनिवार घालवले. तिसऱ्या शनिवारी गेजने दोन दाखवले. तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पाहिलंत, म्हणालात, "आता आवळ."

बाकीच्या कामांचं मी फार सांगत नाही. पेट्रोलच्या गाडीला इंधन परत टाकीत नेणारी नळी नव्हती, ती घातली. पाणी वेगळं करणारा फिल्टर, इंटरकूलर, त्याच्या नळ्यांचे ते जाड क्लॅम्प. पेट्रोल इंजिनासारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्युम डिझेलला नसतो, म्हणून ब्रेकची मदत स्टिअरिंगच्या पंपाच्या तेलावर घेतली. सिंगल सर्किटचा मास्टर सिलेंडर तुम्ही स्वतः काढून भंगारात टाकलात. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गायब, ही व्यवस्था तुम्हाला बघवेना. आणि दर आठवड्याला तुमचा एकच प्रश्न: "आरटीओची परवानगी घेतलीस ना?" मी परोपरीने सांगायचो की इंडियानात धूर तपासतात तो फक्त लेक आणि पोर्टर या दोन जिल्ह्यांत, आपल्याकडे नाही. तुमचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

एका गोष्टीचे आभार मात्र वेगळे. इंजिन पहिल्यांदा सुरू करायची वेळ आली तेव्हा मी एका जुन्या इंजिनाचा व्हिडिओ पाहून पाना घेऊन इंजेक्टरच्या नळीकडे निघालो होतो. नट सैल करायचा, स्टार्टर मारायचा, हवा काढायची. तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं, तुमच्याकडे याहून पक्की युक्ती असेल. तुम्ही म्हणालात, "आम्ही असंच करायचो. पण कॉमन रेल माझ्या हाताखालून गेलेलं नाही. पुस्तक आण आणि वाच, मी ऐकतो." आणि पुस्तकात तेच होतं: ही नळी चालू इंजिनावर सैल करायची नाही, आतला दाब हजार बारच्या वर जातो, ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. चाळीस वर्षं ज्याचा शब्द शॉपमध्ये शेवटचा असायचा, त्याने पोराला पुस्तक वाचायला लावलं. ऑफिसात मी माझ्या ज्युनिअरांसमोर असं कधी म्हणालो होतो का, हे मी त्या रात्री बराच वेळ आठवत होतो. मग किल्ली चालू-बंद करत, टाकीकडच्या पंपाने फिल्टर भरू देत आपण पुस्तकाप्रमाणे हवा काढली.

4 ऑक्टोबर, खंडेनवमी. काकूंनी बागेतली झेंडूची फुलं आणली, तुम्ही पाने, डिसमिस, हातोडी ओळीने मांडून हळदकुंकू वाहिलंत, डायल गेजला सर्वात मोठं फूल. मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन काही पेटेना. मी लॅपटॉप उघडायला धावलो. तुम्ही तोवर बॅटरीपासून एकेक वायर मुठीत धरत मागे गेलात आणि म्हणालात, "ही गरम आहे." चासीला जोडलेली अर्थिंगची वायर. मी चासीला इतका सुंदर काळा रंग दिला होता की वायरच्या टोकाच्या कडीखाली लोखंड उघडंच नव्हतं. तुम्ही डिसमिसने तेवढा रंग खरवडलात. माझ्या रंगाचं वाईट वाटलं असेल तर एवढ्यातच. पुढच्या किल्लीला इंजिन बोललं.

गाडी आता ताशी साठ मैलांवर, पाचव्या गिअरमध्ये, दोन हजारांच्या जरा आतच फिरते. पूर्वी लिटरला सहा किलोमीटर द्यायची, आता दहाच्या आसपास देते. डिझेल इथे पेट्रोलपेक्षा महाग आहे, त्यामुळे पैसे वाचले असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे बिलांची फाइल आहे. गिअर अजून एकदाही सुटलेला नाही.

आता कामाचं. थंडी सुरू झाल्यापासून चौदाशे फेऱ्यांच्या आसपास उजव्या बाजूने एक टकटक येते, गरम झाल्यावर जाते. तुमच्यासारखा डिसमिस कानाला लावून पाहिला, मला एक्झॉस्टच्या गॅसकेटची वाटते. फोनवर रेकॉर्ड करून पाठवलीय, तुमच्याकडे सकाळ झाली की ऐका. अंगठा पाठवू नका, काय ते सांगा. गेज माझ्या कपाटात तेल लावून ठेवलाय.

काकूंना नमस्कार.

आपला,
इंडियानातला हेल्पर