अखंड मूत्रपिंडाच्या तयारीविषयी मित्रास पत्र

परभणी,
१८ नोव्हेंबर

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अंबाजोगाईला तुमच्या विभागात अखंड मूत्रपिंडाचे क्ष-किरणांनी त्रिमितीय चित्रण करून घेण्याचे चालले आहे, हे वाचून फार बरे वाटले. यंत्राविषयी तू दोन पाने लिहिली आहेस आणि तयारीविषयी एकच ओळ. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे होते. एकदा अवयव डब्यात बंद झाला की यंत्रापाशी त्याचे फारसे काही सुधारता येत नाही.

यंत्राचे थोडक्यात सांगतो. फ्रान्समधील ग्रेनोबलच्या ८४४ मीटर परिघाच्या सिंक्रोट्रॉनचे (वेगवान इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राचे) २०२० मध्ये नूतनीकरण झाले आणि पुढच्याच वर्षी तिथली मानवी अवयवांच्या चित्रणाची पद्धत प्रसिद्ध झाली. तीत आधी संपूर्ण अवयव सुमारे २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाईने टिपतात आणि मग तोच अवयव न कापता त्याचे निवडक भाग एक-दोन मायक्रॉनपर्यंत पाहतात. मऊ ऊतींमध्ये क्ष-किरण फारसे शोषले जात नाहीत, परंतु त्यांच्या तरंगांच्या प्रावस्थेत (लाटेच्या चढ-उताराच्या टप्प्यात) पडणारा फरक पकडता येतो. म्हणून आयोडीनसारखे रंजकद्रव्य मुरवत बसावे लागत नाही.

आता तयारी. ऊती कुजू नयेत म्हणून त्या घट्ट करणारे दहा टक्के बफरयुक्त (आम्लता स्थिर ठेवलेले) फॉर्मॅलिन तुम्ही रोजच वापरता. तुकड्यांची सवय असलेला माणूस अखंड अवयवाच्या बाबतीत मात्र हमखास घाई करतो आणि ती नडते, कारण द्रावण आत शिरण्याचा वेग खोलीबरोबर मंदावत जातो आणि जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट लागतो. नुसते बुडवून ठेवले तर बाहेरचा भाग घट्ट होतो आणि गाभा कुजू लागतो. तेव्हा वृक्क धमनीतून (मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीतून) आधी रक्त धुऊन काढ, त्याच वाटेने फॉर्मॅलिन सोड, आणि मगच अवयव भरपूर द्रावणात ठेव.

त्यानंतर इथेनॉलच्या ५०, ६० आणि ७० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि शेवटी ७० टक्क्यांचेच ताजे द्रावण. पायरी गाळली तर ऊती एकाएकी आक्रसतात. इथेनॉल पाण्याहून हलके असल्यामुळे ऊती आणि भोवतीचा द्रव यांच्या घनतेतील फरक वाढतो आणि चित्र उठावदार होते. शंभर टक्क्यांपर्यंत मात्र जाऊ नकोस: आक्रसणे वाढते, अवयव कडक होतो, आणि ७० टक्क्यांवर थांबल्यास पुढे त्याच अवयवाच्या मेणातल्या चकत्या कापण्याची वाटही मोकळी राहते. (स्पिरिटच्या परवान्याचे कागद आधीच पाहून ठेव, या कामात तोही एक टप्पाच समज.)

सर्वांत जास्त वेळ लागतो तो वायू काढायला. रक्तवाहिन्यांत अडकलेला एखादा बुडबुडा चित्रणाच्या वेळी किंचित सरकला तरी भोवतीचा सारा भाग पुसट होतो, आणि प्रावस्थेच्या चित्रणात त्याची कडा इतकी ठळक उमटते की शेजारचे बारीक काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर अवयव द्रावणासह निर्वात पात्रात ठेवून दाब हळूहळू उतरवावा लागतो. इथे आपल्या हवेचा विचार कर. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब २० अंशांना पाऱ्याच्या सुमारे ४४ मिलिमीटर असतो, ४० अंशांना तोच सुमारे १३५ होतो. म्हणजे मे महिन्यात पंखा फिरत असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत द्रावण फार लवकर उकळू लागते आणि वर येणारा फुगा आतल्या हवेचा की उकळीचा, हे ओळखता येत नाही. शिवाय ती वाफ ज्वालाग्राही आहे; पंपाचा निकास खिडकीबाहेर काढलेला हवा. खोली थंड ठेवता येत नसेल तर हे काम सरळ हिवाळ्यातच कर.

अवयव चित्रणाच्या डब्यात घट्ट बसवण्यासाठी अगार (समुद्री शेवाळापासून मिळणारा, जेलीसारखा थिजणारा पदार्थ) लागते. ते पाण्यात शिजवून थिजव, बारीक तुकडे कर, हे तुकडे ७० टक्के इथेनॉलमध्ये पुरते मुरव आणि त्यांतलाही वायू काढ. मग आंब्याच्या आढीत पेंढा भरतो तसे ते खाली, भोवती आणि वर भरत जा. अवयव हलू नये, पण दबूही नये. प्रत्येक थरानंतर दाब पुन्हा थोडा उतरव, कारण बुडबुडे या तुकड्यांखाली फार लपतात.

पहिल्यांदा दान केलेल्या मानवी अवयवाला हात लावू नकोस. उस्मानाबादी शेळीचे मूत्रपिंड घे. ते गुळगुळीत आणि लहान असते. त्यावर हात बसला की गाईचे. गाईच्या मूत्रपिंडाला बाहेरून खंड असतात आणि त्यांच्यामधल्या खाचांत चरबी व हवा दोन्ही दडून राहतात, त्यामुळे वायू काढण्याची खरी परीक्षा तिथेच होते. लाल कंधारी जातीच्या गाईचे एखादे शवविच्छेदनातून इथे मिळाले तर तुझ्यासाठी फॉर्मॅलिनमध्ये ठेवीन. तुमच्या निर्वात पात्राचा आतला व्यास आणि पंप कुठवर दाब उतरवतो, एवढे मात्र उलट टपाली कळव. त्यावरून डब्याचे माप ठरवता येईल.

तुझा,
माधव